ताबा कोणाचा?

आमचे शेजारी राखणदारकाका पक्षाच्या कार्यालयामागच्या खोलीत राहतात. पक्ष फुटल्यापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली आहे. अंगणात इतक्या फेऱ्या मारतात की बघूनच आमची मांजर दमते.

भांडण एकच, कार्यालय कोणाचं? कोर्ट म्हणतं निवडणूक आयोगाकडे जा, आयोग म्हणतो कोर्टात जा. दोन्ही गटांना साक्षीदार मात्र एकच सापडला, काका. "ताबा आमचाच होता असं सांग," म्हणून सकाळी एक गट दटावतो, संध्याकाळी दुसरा चुचकारतो. हरणाऱ्याच्या बाजूने बोललं की खोली गेलीच.

"पक्षांच्या भांडणांसाठी वेगळं न्यायाधिकरण पाहिजे बघ," काका मला म्हणाले. "झटपट निकाल लावणारं. मग जिंकेल त्याला सलाम ठोकून मी मोकळा."

"आणि तोवर?" काकूंनी आतून विचारलं. "तोवर चपला झिजवा."

शेवटी कोर्टातच साक्षीची तारीख आली. ताबा कोणाचा, असं वकिलाने विचारताच काका घाबरून खरं बोलून गेले. "साहेब, ही मंडळी फक्त सभेला यायची. दार मी उघडायचो, झाडायचो मी, राहतोही मीच. ताबा माझाच म्हणायचा."

हशा पिकला आणि पुढची तारीख पडली. त्याच संध्याकाळी, फुटीनंतर पहिल्यांदाच, दोन्ही गटांचं एकमत झालं. काकांनी खोली रिकामी करायची.

काकू भांडी बांधतायत. काका मला विचारतात, "एकटा माणूस दोन्ही गटांविरुद्ध त्या न्यायाधिकरणात जाऊ शकतो का रे?"

म्हटलं, "काका, आधी ते निघू तर द्या."