राखीव गोली

मंगळवार, एप्रिल २००७, सकाळचे साडेअकरा. हजर : मी, गोली आणि दोन मशीन, एक बंद पडलेलं आणि एक झाकलेलं. फोनवर : कोडोलीच्या कांबळे डॉक्टर. गैरहजर : मालक, सांगलीला लग्नाला.

हे सगळं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून आज सांगता येतंय. गोलीबद्दल सांगायचं तर त्याच दिवसापासून सुरुवात केली पाहिजे. त्याच्या आधीच्या सगळ्या वर्षांत त्याने काही केलं नव्हतं, आणि त्या दिवशीही केलं नाही.

आमच्या पेठेत गोलरक्षकाला गोली म्हणतात. हा आपल्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, फुटबॉल संघात अकरा वर्षं गोली होता. नवा माणूस भेटला की दोन मिनिटांत तो छाती काढून सांगायचा, "पावणं, आजपतूर माझ्यावर एक बी गोल झाल्याला न्हाय!" समोरचा थक्क व्हायचा. मीही पहिल्यांदा झाले. तो राखीव गोली होता आणि अकरा वर्षांत एकदाही मैदानात उतरला नव्हता, हे मला पुढे सहा महिन्यांनी कळलं. घोड्यावर बसलाच नाही, तो पडणार कुठून!

आमचं काम शिवाजी पेठेत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर चालायचं. लोकांचं काम आम्ही आमच्या मशीनवर ठेवायचो आणि ते आपापल्या गावाहून इंटरनेटवर ते उघडायचे. आज याला क्लाउड म्हणतात. तेव्हा आम्ही 'वरची खोली' म्हणायचो. कबनूरच्या यंत्रमागवाल्यांच्या ऑर्डरी तिथे होत्या, आणि कोडोलीच्या कांबळे डॉक्टरांनी वीसेक गावं फिरून जमवलेली रक्तदात्यांची यादी होती. खोली बंद पडू नये ही जबाबदारी गोलीची. वेळापत्रक, नोंदी आणि लोकांचे फोन माझ्याकडे.

एक कबूल करते, खोली त्याने उत्तम उभी केली होती. गणपतीचा मंडप घालायला खड्डे काढले की पेठेत हमखास वायर तुटते. म्हणून त्याने एक लाइन पुढच्या रस्त्याने आणली होती आणि दुसरी मागच्या बोळातून. बॅटऱ्या दोन, विजेचे फेज दोन, मशीन दोन. पहिल्या मशीनवरची प्रत्येक नोंद तासाभरात दुसऱ्यावर आपोआप उतरायची. पाहुण्यांना तो एकेका मशीनवर हात ठेवून दाखवायचा, "ह्यो पडला, तर त्यो हाय." पाहुणे माना डोलवायचे. मालकही डोलवायचे.

'त्यो' मात्र कायम प्लास्टिकच्या झाकणाखाली असायचा, नोंदी उतरवून घेण्यापुरता चालू. दर सोमवारी गोली झाकण काढायचा, पिवळ्या फडक्याने मशीन पुसायचा आणि पुन्हा झाकायचा. लग्नातली पैठणीही वर्षातून दोनदा नेसली जाते. याच्या मशीनच्या नशिबी तेवढंही नव्हतं. माझ्या महिन्याच्या यादीत एक ओळ होती : 'मुख्य मशीन मुद्दाम बंद करून दिवसभर राखीववर काम चालवणे.' दर महिन्याला मी ती वाचून दाखवायची आणि दर महिन्याला तो म्हणायचा, "आवो यादीबाई, राखीव म्हंजे राखीव. त्येला उगंच हात लावायचा न्हाय."

"पण चालतंय की नाही हे कळायला नको?"

"चालतंय की! न चालायला काय झालंय त्येला?"

कबनूरहून एक कारखानदार आमची खोली तपासायला आले होते. म्हातारे, धोतर नेसणारे, कॉम्प्युटरचं ओ की ठो न कळणारे. त्यांनी सगळं पाहून एवढंच विचारलं, "ह्ये दुसरं मशीन शेवटचं कवा चालवून बघितलासा?"

गोली हसून म्हणाला, "गरजच पडली न्हाय की ओ!" आणि हे तो प्रमाणपत्र वाचून दाखवावं तसं म्हणाला. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा मागवला.

तर तो मंगळवार. मुख्य मशीन बंद पडलं आणि दोनच मिनिटांत कांबळे डॉक्टरांचा फोन आला. बाळंतीण आली होती, रक्त थांबत नव्हतं. बी निगेटिव्ह हवं होतं आणि यादी उघडत नव्हती. मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "गोली, राखीव लाव."

"जरा दम धरा की. ह्योच उठतोय आता."

अकरा चाळीसला डॉक्टरांचा दुसरा फोन. गोली झाकणावर तळहात ठेवून उभा होता. एखाद्या पोराला 'तू जाऊ नको' म्हणून धरून ठेवावं तसा. "लावलं आन् न्हाय चाललं तर? मग काय ऱ्हातंय हातात?" असं तो म्हणाला. माणूस तिकडे मरणाच्या दारात आणि याला हातात काय राहतं याची चिंता! मी त्याला भित्रा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. तो हलला नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांचा तिसरा फोन आला. "राहू द्या आता. माझ्या जुन्या वहीत दोन नावं सापडली. एक मास्तर निघालेत." फोन ठेवून मी सरळ गोलीचा हात बाजूला केला, झाकण ओढलं आणि काम त्या मशीनवर वळवायचं बटण दाबलं.

मशीन चाललं. चार मिनिटांत यादी पडद्यावर आली, अगदी आदल्या तासापर्यंतची. बी निगेटिव्हचे सात दाते, फोन नंबरांसह. ते चाललं नसतं तर मी गोलीला कदाचित माफ केलं असतं.

"चाललं की ओ," तो पुटपुटला. दुसऱ्याच कुणी बांधलेलं मशीन बघत असल्यासारखा.

बाई वाचली. मास्तरांमुळे आणि त्या वहीमुळे. आठवड्याने कांबळे डॉक्टर स्वतः आल्या, आपली यादी परत घ्यायला. त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. "मशीन बंद पडलं याचा मला राग नाही. दुसरं होतं आणि तुम्ही लावलं नाही, याचा आहे." 'तुम्ही' म्हणताना त्या आम्हा दोघांकडेही पाहत होत्या. माझ्या वहीत त्या चाळीस मिनिटांतले तिन्ही फोन वेळेसकट नीट लिहिलेले होते. बटण कुठे आहे हे मलाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी गोलीने खालच्या टपरीवर मला चहा पाजला आणि आपणहून सांगितलं, "एकदा नंबर आलता माझा, मॅडम. सेमीफायनल. आमच्या पयल्या गोलीचा खांदा निखळला. समदं मैदान माझ्याकडं बघाय लागलं. मी म्हटलं, पायात गोळा आलाय."

"मग?"

"मग पुढं खेळणारा एक गडी हातमोजं घालून हुबा ऱ्हायला. तीन गोल खाल्लं त्येनं. हरलो." त्याने बशीतला चहा संपवला. "पर माझ्यावर न्हाय झाला एक बी."

इतका हिशेबी भित्रेपणा मी तोवर पाहिला नव्हता. ज्याने गोल खाल्ले, तो निदान उभा तरी राहिला होता.

दोन वर्षांनी मालकांनी वरची खोली बंद केली. सगळं काम परगावच्या कुठल्याशा मोठ्या मशीनांवर गेलं, जी आम्ही कधी पाहिली नाहीत. जाताना गोलीने काही मागितलं नाही. राखीव मशीनचं झाकण तेवढं नीट चौघडी घालून पिशवीत टाकलं. "सांभाळून ऱ्हावा, यादीबाई," म्हणाला आणि जिना उतरला. नंतर तो मला एकदाच दिसला, मैदानाबाहेर, राखीव खेळाडूंच्या बाकाजवळ उभा. मी हाक मारली नाही.

आता माझ्याकडे काही दवाखान्यांचं काम आहे. त्यांच्या रुग्णांच्या नोंदी दोन वेगवेगळ्या शहरांत ठेवलेल्या असतात. एक जागा पडली तर दुसरी उभी राहावी म्हणून. कुणी आपली व्यवस्था दाखवायला आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेवटचं कधी पाडून बघितलं? समोरचे गडबडतात. मला बरं वाटतं.

माझ्या स्वतःच्या यादीत नववी ओळ आहे : 'मुख्य जागा मुद्दाम बंद करून दिवसभर दुसऱ्या जागेवर काम चालवणे.' जूनमध्ये साथ होती. सप्टेंबरात गणपती. नंतर दवाखान्याचे मोठे साहेब बाहेरगावी. सगळी कारणं खरी आहेत. आज नव्या महिन्याची यादी केली आणि नववी ओळ पुन्हा उतरवून घेतली. बाकीच्या ओळींपुढे खुणा झाल्या आहेत. हिच्यापुढचा चौकोन अकरा महिने रिकामा आहे.