आठ एमबीचा कडता

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. गिरणीत दळण टाकलं की शेवटची चिमूट पडेपर्यंत मी तिथून हलत नाही. मार्केटला कांदा नेला तर काट्यावरून नजर काढत नाही. आमच्या कारभारीण ठकूबाई म्हणतात, "तुमी नारळ फोडला तरी पुजाऱ्यानं केवढी वाटी ठिवली तेच बघता." म्हणू देत. महाळुंगे पडवळमध्ये सयाजीला कोणी फसवलं असं एकदाही झालेलं नाही, आणि याचा मला गर्व होता. तो गर्व किती महागात पडला आणि कोणाला पडला, ते सांगायला बसलोय.

नूतनचं दुकान घोडेगावात होतं, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला, एका अरुंद गाळ्यात. ही दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. बाहेर पाटी होती, ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’, बस, एवढीच. पोरगी तळेघरच्या बाजूच्या वाडीवरची. वडील सावळेराम भात आणि नाचणी करायचे. बारावीनंतर पुण्यात मावशीकडे राहून तिनं हार्डवेअरचा कोर्स केला, जुन्नरच्या एका क्लासचे कॉम्प्युटर दोन वर्षं सांभाळले आणि मग हा गाळा घेतला. शनिवारी दुपारची गाडी धरून ती घरी जायची, फाट्यावर उतरून तासभर चालायची आणि सोमवारी सकाळी परत येऊन दुकान उघडायची. डोंगरातली, त्यात मुलगी, आणि कॉम्प्युटर खोलते, हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं.

तिचं काम मात्र बघण्यासारखं होतं. मशीन टेबलावर ठेवलं की ती लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलत नसे. आधी विचारपूस. बंद पडताना आवाज आला का, लाईट गेली होती का, घराची लाईन मोटारींच्या डीपीवरून आहे का. आमच्याकडे विहिरींवरच्या मोटारी एकदम बंद झाल्या की घरातले पंखे सुसाट फिरायला लागतात आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळतो. हे तिला पुण्यात कोणी शिकवलं नव्हतं, इथं बसून तिनं स्वतः शोधलं होतं. एकाच्या मशीनमध्ये पालीची अंडी निघाली, एकाच्या पंख्यात सोयाबीनचा भुसा. तारीख सारखी मागं जात असेल तर आतली रुपयाएवढी बॅटरी बदलायची, तापून बंद पडत असेल तर आधी पंखा झाडायचा, पडद्यावर काहीच येत नसेल तर आधी वायरी हलवून बघायच्या. नवीन घ्या म्हणायच्या आधी ती जुनं तीनदा तपासायची. स्क्रू ठेवायला तिच्याकडे मिसळणाचा गोल डबा होता, हळदीच्या वाटीत एका मापाचे, जिऱ्याच्या वाटीत दुसऱ्या मापाचे. आणि गिऱ्हाइकाला समोर स्टुलावर बसवल्याशिवाय ती कॅबिनेट उघडत नसे.

मी घरी लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून द्यायचो. फेब्रुवारीत, ऐन लगीनसराईच्या तोंडावर, माझा कॉम्प्युटर सुरू होईना. नुसत्या लांब शिट्ट्या मारायचा. गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर धरून मी तो घोडेगावला नेला.

नूतननं शिट्टी ऐकली आणि म्हणाली, "रॅम हाय, काका. घाबरू नका." तिनं आतून हिरवी पट्टी उपसली, दारात उजेडाला नेऊन बघितली, शाळेतल्या पोरांचं खोडरबर घेऊन पट्टीच्या पिवळ्या दातांवरून चार-पाच वेळा फिरवलं आणि पट्टी परत खोचली. मशीन सुरू झालं. माझं डोकं तिथंच फिरलं. नुसत्या खोडरबरानं कॉम्प्युटर दुरुस्त होतो होय? आणि पट्टी दारात कशाला न्यायची? त्या क्षणी तिची पाठ माझ्याकडे होती.

काम करता करता ती मन मोकळं करत होती. "महाळुंग्याच्या हायस्कूलला धा मशीन आलेत म्हनं. त्यांच्या देखभालीचं काम मला मिळालं तर हा गाळा टिकंल बघा. न्हाई तर पुन्याला नोकरी धरावी लागंल. आई-बापाला सोडून मला न्हाई जायचं." मी त्या शाळेच्या समितीवर आहे हे तिला माहीत होतं. मी नुसतं हं म्हटलं. मनात म्हटलं, बघा, शब्द टाकून ठेवला.

घरी आल्यावर मुलीला, हर्षालीला, म्हटलं, आत रॅम किती आहे ते बघता येतं का? ती क्लासला जायची. तिनं उंदराचं उजवं बटण दाबलं, एक खिडकी उघडली आणि आकडा दाखवला. एकशे वीस एमबी. मी ट्रंकेतून मशीनची पावती काढली. तिच्यावर स्वच्छ लिहिलं होतं, एकशे अठ्ठावीस.

आठ कमी! मार्केटमध्ये व्यापारी गोणीमागं किलो-दीड किलो कापतो, त्याला आम्ही कडता म्हणतो. पोरीनं आठाचा कडता मारला होता. हा आकडा मी त्याआधी कधी बघितलाच नव्हता, तो आधी किती होता हे मला ठाऊक नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आणि तिलाच जाऊन विचारावं, हे तर मुळीच आलं नाही. चोराला कोणी विचारतं का?

मी गावभर बोललो. जीपमध्ये बोललो, चहाच्या टपरीवर बोललो, घोडेगावच्या बाजारात ओळखीचा दिसला की त्याला थांबवून बोललो. "मशीन नेताय? आतले आकडे लिहून न्या, राव." लोकांना असलं फार आवडतं. रॅम म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नव्हतं तोही मान हलवायचा.

मग समितीची बैठक झाली. हेडसरांनी नूतनचं नाव काढलं. मी उठून कडत्याची हकिगत सांगितली. अध्यक्ष गेणभाऊ म्हणाले, "पोरीच्या जातीवर येवढा आळ घालायचा म्हंजी पुरावा पायजे, सयाजी."

"आणतो," मी म्हटलं.

पुरावा कसा आणायचा ते मी घरी येईपर्यंत ठरवलं होतं. आमच्याकडे लग्नाकार्यात भांडी फिरतात, शेजारी जातात, वाढपी नेतात, पण परत येतात. का? तर त्यांच्यावर नाव असतं. मी चार स्क्रू काढले, ते तर मी तिच्याकडे बसूनच शिकलो होतो. हिरवी पट्टी, हार्ड डिस्क आणि सीडीचा खण काढून पिशवीत भरला आणि मंचरला भांड्याच्या दुकानात गेलो.

नाव घालणाऱ्यानं पट्टी उलटसुलट करून पाहिली. "हे कसलं भांडं, पावणं?"

"तुला काय करायचंय? नाव घाल."

"कुनाकडून कुनाला घालू?"

"कुणाकडून नाही. नुसतं स. बा. पडवळ घाल. खोल घाल, पुसता कामा नये."

त्यानं पट्टी गुडघ्यावरच्या पोत्यावर धरली आणि यंत्र घर्र घर्र चालवत काळ्या चौकोनांच्या खालच्या मोकळ्या जागेत सुंदर अक्षरात माझं नाव कोरलं. मी खूश झालो. आता मशीन घेऊन तिच्याकडे जायचं, दुसरी काहीतरी तक्रार सांगायची, एक दिवस तिच्याकडे ठेवायचं आणि परत आलं की नाव तपासायचं.

घरी येऊन सगळं जागच्या जागी बसवलं आणि बटण दाबलं. परत लांब शिट्ट्या. मी पट्टी काढली, खोडरबर फिरवलं, खोचली. शिट्ट्याच. मला काय वाटलं असेल सांगू? मला वाटलं, तिनं फेब्रुवारीत नकली पट्टी बसवली होती, ती आता मेली. म्हणजे पुरावा आयताच हातात आला. मी हेडसरांना आणि गेणभाऊंना बरोबर घेतलं आणि तिघं घोडेगावला गेलो.

नूतननं आम्हाला बघून स्टुलं पुढं केली. गाळ्यात दुसरं एकही मशीन नव्हतं, हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. तिनं कॅबिनेट उघडलं, पट्टी काढली आणि तशीच बघत राहिली. मग अक्षरांवरून नख फिरवलं.

"काका, हे कुणी घातलं?"

"मीच घालून घेतलं."

"कशापायी?"

माझ्याऐवजी गेणभाऊ बोलले. त्यांनी सगळं सांगितलं, आठाचा कडता, समिती, पुरावा, सगळं. तिचं तोंड लाल झालं, पण आवाज चढला नाही. ती पट्टी घेऊन आमच्यासमोर आली. "हितं बघा सर, ह्या केसावानी बारीक रेघा. ह्यांच्यातनं समदं जातं-येतं. पडवळातल्या ‘ळ’नं सात रेघा तोडल्यात. हिला म्या न्हाई मारली."

मग तिनं खणातून स्वतःची, प्लॅस्टिकच्या पाकिटातली नवी पट्टी काढली. हेडसरांना तिच्यावरचा आकडा वाचायला लावला. एकशे अठ्ठावीस. ती माझ्या मशीनमध्ये बसवली, मशीन सुरू केलं, तीच खिडकी उघडली. एकशे वीस.

"आता बघा," ती म्हणाली. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, निळ्या पडद्यावर कुठल्याशा रकान्यात आठाच्या जागी सोळा केले. खिडकीत एकशे बारा आले. परत आठ केले, एकशे वीस. "ह्या मशीनला चित्र दावायला येगळं कार्ड न्हाई. म्हनून पडदा आपल्या वाट्याचं ह्याच्यातनंच घेतो. इकत घेतलं तवापासनं घेतोय. ते आठ तुमच्याच मशीनमदी हायेत, काका. कुठं गेले न्हाईत."

मला जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं. माफीचा शब्द ओठापर्यंत आला होता. पण शेजारी गेणभाऊ होते, हेडसर होते, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "मग हे आधीच सांगायचं की."

"तुमी इचारलंच न्हाई," ती म्हणाली.

हेडसर घाईनं म्हणाले, "झालं गेलं विसर, नूतन. शाळेचं काम तुझंच. सोमवारी ये."

तिनं मान हलवली. "उशीर झाला सर. महिना झाला, बाजारच्या दिवशी बी कुणी मशीन आनत न्हाई. आनलं तर चार जन भवती उभे ऱ्हात्यात, हातात कागद घिऊन. ह्या एकतारखेला गाळा सोडतेय. पुन्यात नोकरी बघितलीय." मग माझ्या मशीनचे स्क्रू आवळत म्हणाली, "ही पट्टी ऱ्हाऊ द्या आत. लगीनसराई हाय, लोकांच्या पत्रिका अडायला नकोत."

मी त्या दिवशी जेवलो नाही. ठकूबाईंनी ताट झाकून ठेवलं. पुढच्या आठवड्यापासून मी जिथं जिथं बोललो होतो तिथं जाऊन उलटं सांगायला लागलो. टपरीवर सांगितलं, जीपमध्ये सांगितलं, बाजारात थांबवून थांबवून सांगितलं. लोक ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "काय नव्हतं तर मग पोरगी गाळा सोडून पळाली कशाला?" काही जण डोळा बारीक करून म्हणायचे, "मिटवलं वाटतं आपसात." मीही त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं.

भात झोडून झाल्यावर, डिसेंबरात, मी घोडेगावच्या स्टँडवर दुपारी गाडीची वाट बघत होतो. एक म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात कापडी पिशवी होती.

"महाळुंग्याचे सयाजीभाऊ ना तुमी? मी सावळेराम. नूतनचा बाप."

मी सरकून त्याला बाकावर जागा दिली. तो टेकला, पण अर्धाच.

"एक इचारू का, भाऊ? खरं सांगा. माझ्या पोरीनं तुमचं काय काढून घेतलं व्हतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "काहीसुद्धा नाही."

"वाडीवर समदे म्हनत्यात, आठ घेतलं. आठ म्हंजी किती वो? लई असतं का?"

मी त्याला समजावायला लागलो. पडदा कसा वाटा घेतो, ते आठ मशीनमध्येच कसे असतात, हेडसरांसमोर तिनं कसं करून दाखवलं. तो खाली बघत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "पोरगी बी अक्षी असंच सांगती. ह्याच शब्दात."

"कारण ते खरं आहे, सावळेरामभाऊ. चूक माझी होती. मी न विचारता तिला चोर म्हटलं. तुमची पोर सोन्यासारखी आहे."

त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. "लई मोठ्या मनाचे तुमी. झाकून घेतलंत. पोलिसात न्हाई दिलीत तिला. मी तिला सांगितलंय, झालं ते झालं, आता पुन्यात तरी हात सरळ ठेव."

मी परत सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. तो मान डोलावत राहिला, समजूतदार माणूस डोलावतो तशी. मग पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. घरचे तांदूळ होते, पायलीभर तरी असतील. "ह्ये घ्या, राव. न्हाई म्हनू नका. तेवढंच माझं मन हलकं व्हईल."

तळेघरची गाडी लागली होती. तो चढला, खिडकीशी बसला आणि गाडी हलेपर्यंत मला हात जोडत राहिला.