हवामान कसं आहे?

घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, आणि म्हणताना हसत. चाळिशी उलटली, केसांत चांदी आली, तरी पीएच.डी. काही पुरी होईना. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमची सून डॉक्टर होतेय, पण गुडघेदुखीचं औषध विचारू नका, तेवढं तिला येत नाही." स्त्री अभ्यास हा विषय आहे असं सांगितलं, की समोरचा हमखास म्हणे, "बायकांचा कसला अभ्यास? आम्ही जन्मभर करतोय, पत्ता लागत नाही." म्हणणारे पुरुषच असत, आणि हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा केला अशी प्रत्येकाची समजूत असे. ती कसनुसं हसून विषय बदलायची.

नवऱ्याच्या धाकात राहणाऱ्या बायका उघड बोलू शकत नाहीत, तेव्हा एकमेकींशी कुठल्या शब्दांत बोलतात, हा तिचा विषय. तो तिला पुस्तकात नाही, फोनवर सापडला होता.

तिची मोठी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, विम्याच्या कचेरीत साहेब. चारचौघांत इतके गोड, की मुंग्या लागाव्यात. घरात मात्र हात उचलायचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ताई फोनवर म्हणाली, "आज इकडे हवामान बरं नाही गं." बाहेर तर लख्ख ऊन पडलेलं. धाकटीला काय ते कळलं. तेव्हापासून दोघींचं हेच. 'ढगाळ' म्हणजे दाजींनी भरलं ताट भिरकावलं. 'वादळ' म्हणजे असशील तशी निघून ये. वादळ म्हटलं, की ही मिळेल ती गाडी करून ताईच्या दारात उभी राहायची आणि तोंडभर हसून म्हणायची, "सहजच आले!" पाहुणी बघून दाजींचा हात खाली यायचा. शेजारी बसून फोन ऐकताना ते हसत, "बहिणी-बहिणींना दुसरा विषय नाही का? त्या हवेत एवढं आहे तरी काय!"

प्रबंधाचं चौथं प्रकरण या हवामानावर उभं होतं. तिने ताईला आधी विचारलं. ताई म्हणाली, "घाल की. माझं नाव तेवढं नको. माझा काहीतरी उपयोग होऊ दे कुणाला." मग तिने नाव बदललं, ताईच्या दोन मुलींचा एक मुलगा केला, विम्याच्या साहेबाला शाळेत मास्तर केलं. सगळं नीट झाकलं आणि शब्द तेवढा उघड्यावर ठेवला. तो बदलून चालणार नव्हतं, प्रकरणाचा जीवच तो होता. आणि खरं सांगायचं तर तिला त्या शब्दाचा मोह पडला होता. एवढं शिकलेली बाई, पण तिच्या डोक्यात आलं नाही, की शब्दालाही चेहरा असतो.

प्रबंध देण्याआधीचं शेवटचं सादरीकरण सगळ्यांना खुलं असतं. तिने कौतुकाने ताईला सांगितलं, ताईने अभिमानाने घरी सांगितलं. दाजी म्हणाले, "मेहुणीचं कौतुक बघायला मी नको?"

ती बोलायला उभी राहिली, तेव्हा ते दोघं दुसऱ्या रांगेत बसलेले दिसले. तिसरं प्रकरण संपलं तशी ती अडखळली, घोटभर पाणी प्यायली आणि थेट पाचव्यावर गेली. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मार्गदर्शक बाई प्रेमळ, त्यांना राहवेना.

"अगं, हवामान राहिलं! घाबरलीस का? थांब, मीच सांगते."

आणि बाईंनी सांगितलं. अगदी रंगवून सांगितलं. ढगाळ, वादळ, भिरकावलेलं ताट, दारात येऊन 'सहजच आले' म्हणणारी बहीण, शेजारी बसून हवेची चेष्टा करणारा नवरा. लोक हळहळले, नवऱ्याच्या मूर्खपणाला हसलेही. दाजीही हसत होते. मग त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्यांनी मान वळवून ताईकडे बघितलं. ताई मांडीवरच्या पर्सचा पट्टा घट्ट धरून खाली बघत बसली होती. शेवटी टाळ्या झाल्या. सगळ्यांत जास्त वेळ दाजींनी वाजवल्या.

"छान बोललीस," जाताना ते म्हणाले. "बरंच नवीन कळलं." त्यांनी ताईचा दंड धरला होता. ताईने मागे वळून बघितलं नाही.

ती मागे धावणार, तोवर बाईंनी तिला मिठीच मारली. "झालीस गं डॉक्टर! सगळ्यांना पसंत पडलं."

"बाई, चौथं प्रकरण काढायचंय."

"वेड लागलं का तुला? मग प्रबंधात उरतं काय?"

"काही नको उरायला. नको मला ती पदवी. काढा ते, बाई, पाया पडते तुमच्या." ती लहान मुलीसारखी रडायला लागली. बाईंना वाटलं, आनंदाने रडतेय. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आणि रडता रडता तिला कळत होतं, की प्रबंधातून काढलं तरी दाजींच्या कानातून ते आता निघणार नाही.

कशीबशी सुटका करून घेऊन ती जिन्यापाशी आली. तिने ताईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तिने परत लावला, परत परत लावला. अखेर कुणीतरी उचलला, पण बोलेना. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "ताई, हवामान कसं आहे?"

"लख्ख ऊन पडलंय," दाजी म्हणाले. "तू यायची काही गरज नाही."

फोन बंद झाला. ती जिना उतरून धावत सुटली, मिळेल त्या गाडीला हात करत. दारात पोचल्यावर म्हणायला तिच्याकडे 'सहजच आले' एवढंच होतं, आणि तेही ती प्रबंधात लिहून बसली होती.