काकूंनी भाडं घेतलं नाही

घटस्फोटानंतर मी अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये राहायला गेले, तेव्हा हे फार तर दोन-तीन महिन्यांचं काम आहे असं समजत होते. काका-काकू माझे नात्याचे कुणी नव्हेत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, मूळचे नागपूरचे, मुलगा टेक्सासला. माझ्या बॅगा बघून काकूंनी काही विचारलं नाही, चहा टाकला. पहिल्या तारखेला मी भाड्याचा चेक पुढे केला तर त्या चिडल्याच.

"काहून हा चेक? घरच्या पोरीकडून भाडं घेतात का कुठे?"

काकांनीही मान डोलावली. मला भरून आलं. या मायेपायी मी पुढे चांगलीच गोत्यात येणार आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. ती तिच्या बाबांकडे, म्हणजे आमच्या जुन्या घरात राहत होती. करारात अट अशी होती की, माझ्याकडे तिच्यासाठी वेगळी बेडरूम झाली की शुक्रवार ते रविवार ती माझी. तोवर फक्त दिवसाउजेडी भेटायचं. काकूंच्या बेसमेंटला आग लागली तर बाहेर पडण्याजोगी खिडकी नव्हती, त्यामुळे ती खोली बेडरूम धरली जाणार नाही, असं वकिलाने सांगितलं. म्हणून दर शनिवारी मी तिला घेऊन यायचे. लायब्ररी, मॉल, काकूंच्या हातचं जेवण, आणि संध्याकाळी परत. ज्या घराचे पडदे मी निवडले होते, त्या घरासमोर गाडीतून न उतरता लेकीला सोडायचं. मला त्या ड्राइव्हवेचा इतका राग यायचा की परत येताना मी रेडिओवर बोलणाऱ्या माणसांशीसुद्धा भांडायचे.

मला एक अपार्टमेंट हवं होतं, बस. नोकरी बरी होती, पगार बरा होता. पण क्रेडिट स्कोअरची पार वाट लागली होती. भांडणाच्या काळात जॉइंट कार्डांचे पैसे कुणी भरायचे यावर आम्ही नवरा-बायको वकिलांकरवी वाद घालत बसलो, आणि कार्डवाल्यांनी तेवढ्यात दोघांचंही नाव खराब करून ठेवलं. त्याचं काही अडलं नाही, त्याला घर होतं.

मोठ्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या ऑफिसांतल्या मुली फार गोड बोलायच्या. पाण्याची बाटली द्यायच्या, कुकी घ्या म्हणायच्या, स्विमिंग पूल दाखवायच्या. मग अर्जाची फी घेऊन कॉम्प्युटरला विचारायच्या आणि कॉम्प्युटर नाही म्हणायचा. नुसता स्कोअर वाईट असता तर एखादीने आणखी डिपॉझिट मागून भागवलं असतं. पण पुढचा प्रश्न ठरलेला असायचा.

"सध्या कुठे भाड्याने राहता?"

"ओळखीच्यांकडे."

"भाडं किती देता?"

"देत नाही."

इथे ती मुलगी कुकीची बशी जराशी आपल्याकडे ओढून घ्यायची. निदान मला तरी तसं वाटायचं. अमेरिकेत वेळच्या वेळी भाडं भरणारा माणूस भला. ज्याच्याकडून कुणी प्रेमाने भाडं घेतलंच नाही, तो संशयित. हे मी काकूंना कुठल्या तोंडाने सांगणार? काकांना कुणकुण लागली तेव्हा ते माझ्यासाठी जामीन म्हणून सही करायला निघाले. पेन्शनीतला माणूस! मी त्यांच्यावर जवळजवळ ओरडलेच.

अशात लायब्ररीतल्या बोर्डावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी दिसली. चार बिऱ्हाडांची इमारत, वरच्या मजल्यावर दोन बेडरूम. मालकीण सत्तरीची अमेरिकन बाई, आवाज एखाद्या रिटायर्ड हेडमास्तरसारखा. मी इतकी वैतागलेली होते की फोनवर नमस्कार-चमत्कार न करता थेट सांगितलं, "माझं क्रेडिट वाईट आहे. पाहिजे तर आत्ताच नाही म्हणा."

ती म्हणाली, "तुम्ही आता जिथे राहता तिथे मी येते. मी आधी घर बघते आणि घरमालकाशी बोलते. मग ठरवते."

झालं! मी काकूंना बजावलं की, त्या दिवशी फोडणीबिडणी काही करू नका, वास येतो. काकू म्हणाल्या, "म्हणजे पाहुणीला उपाशी पाठवू?" आणि त्यांनी शिरा केला, कांदेपोहे केले, घरभर मोहरीचा वास केला.

बाई वेळेवर आली. दारातले जोडे बघून तिने न सांगता आपले बूट काढले. बेसमेंट पाहिलं, बाथरूम पाहिली, मग स्वयंपाकघरात येऊन ओव्हन उघडला. आत दोन कढया, तीन तवे आणि ढोकळ्याचं भांडं. आपल्याकडे ओव्हन हे कपाट असतं, हे तिला कोण सांगणार?

"ओव्हन वापरत नाही का तुम्ही?" तिने विचारलं.

"युजिंग, युजिंग," काकू म्हणाल्या. "सी, फुल!"

बाई हसली नाही. खुर्चीत बसून तिने काकूंना विचारलं, "ही वेळेवर भाडं देते का?"

"रेंट?" काकूंनी असा आवाज लावला, जणू कुणी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतलाय. "नो रेंट! नेव्हर!"

मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं.

पण काकू थांबल्या नाहीत. त्यांचं इंग्रजी तिथेच संपलं, म्हणून त्या मराठीत शिरल्या आणि मला म्हणाल्या, "सांग तिला. तुझ्या काकांचा गुडघा दुखतो म्हणून ते उठायच्या आत दारासमोरचा बर्फ तू काढतेस, हे सांग. मला ताप होता तेव्हा ऑफिसला न जाता घरी बसलीस, ते सांग. भाजी तू आणतेस, आणि किती झाले ते विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करतेस, ते पण सांग." आपलीच तारीफ आपल्याच तोंडाने इंग्रजीत सांगणं, यासारखी शिक्षा नाही. मी अर्धं गाळून सांगत होते. काकू माझ्या तोंडाकडे बघून म्हणत होत्या, "एवढंच? मी तर जास्त बोलले होते."

बाईने शिरा खाल्ला. मग विचारलं, "ही इथून जावी असं तुम्हाला वाटतं का?"

मी विचारलं काकूंना. त्या स्वेटरच्या बाहीने डोळे पुसायला लागल्या आणि मराठीतच थेट बाईला म्हणाल्या,

"नाही गं. पण हिची पोर रात्री हिच्याजवळ झोपू शकत नाही ना. मग मी हिला ठेवून काय करू?"

याचं भाषांतर मला जमलं नाही. मी तिथेच उभी राहून रडले. काका उठले आणि त्यांनी आपल्या बेताच्या इंग्रजीत, एकेक शब्द नीट जुळवत, ते बाईला सांगितलं.

बाईने बशी खाली ठेवली. "भाडं पहिल्या तारखेला. उशीर होणार असेल तर फोन करायचा, तोंड लपवायचं नाही."

"आणि स्कोअर?"

"वाईट आहे, तुम्हीच सांगितलंत. पण भाडेकरू जाणार म्हणून घरमालकीण रडताना मी आज पहिल्यांदा बघितली." एवढं बोलून तिने पोहे डब्यात बांधून मागितले.

छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं. मी खूप दिवसांनी आडवी पडल्या पडल्या झोपले.

घर लागायला आठवडा गेला. काकूंनी डब्यांची अख्खी फौज पाठवली. शुक्रवारी लेक आली, पाठीला दप्तर आणि काखेत तिची लहानपणापासूनची उशी. पार चपटी झालेली, पण तिच्याशिवाय या पोरीला झोप येत नाही. दोन रात्री ती तिच्या खोलीत झोपली, आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने सारखी तिच्या दारावरून गेले.

रविवारी संध्याकाळी तिचे बाबा न्यायला आले, ती खाली गेली. खोलीत बघते तर उशी पलंगावरच. मी ती उचलून तशीच अनवाणी जिना उतरले. गाडी निघायच्या बेतात होती. काच ठोठावली, तिने खाली केली.

"अगं, उशी विसरलीस!"

तिने उशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आईला साध्या गोष्टी कळत नाहीत अशा नजरेने.

"नो, आई. दॅट वन इज स्टेइंग हिअर."

गाडी गेली. मी वर आले, उशी तिच्या पलंगावर ठेवली आणि आमच्या घराचं दार लावून घेतलं.