पाहुण्यांसाठी रांधलेला दिवस

आत्या गेल्याचं मला शाळेत कळलं आणि त्याच दुपारी कळलं की गिरणीच्या मॅनेजरसाहेबांनी तिच्यासाठी शोकसभा ठरवली आहे. पहिल्या बातमीनं रडू आलं, दुसरीनं ते थांबलं. आज महिना होऊन गेला तरी राग उतरलेला नाही, आणि उतरू नये अशीच माझी इच्छा आहे. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहावं म्हणतात. मी तिच्याविषयी गोडच लिहीन; जे मागे उरलेत त्यांच्याविषयी तसं बंधन नाही.

आत्या बालविधवा. पुण्याला जाऊन सुईणीचं शिकून आली आणि इथं सोलापुरात एका गिरणीच्या दवाखान्यात लागली. आईवेगळ्या मला तिनंच वाढवलं. अंगानं किडकिडीत, जीभ मात्र शेंगाचटणीपेक्षा तिखट. बाळंतिणीच्या घरी गेली की आधी बाळाकडे बघायची नाही, भाकरीची दुरडी उघडायची. "आईच्या पोटात काही नसेल तर बाळाला काय वारा पाजणार?" म्हणायची. अंगावर पाजणाऱ्या बायकांना रोज वाटीभर दूध मिळावं म्हणून ती मॅनेजरच्या टेबलापुढे इतके दिवस उभी राहिली की शेवटी कंटाळून त्यांनी ते सुरू केलं. दूध वाटताना ती जितकी प्रसन्न दिसायची, तितकी ती मला देवळातही दिसली नाही.

मग संप झाला. तो मिटल्यावर गिरणीकामगार खातात तरी काय, हे बघायला सरकारनं समिती नेमली. अन्न अपुरं ठरलं असतं, तर गिरण्यांना स्वस्त धान्याची दुकानं काढावी लागली असती आणि दूधही सगळीकडे द्यावं लागलं असतं. आत्याला वाटलं, आता आपलं ऐकणारं कुणीतरी आलं. मॅनेजरनं (त्यांना अहोजाहो करणं मी इथून पुढे बंद करतो) चाळीत एवढाच निरोप धाडला, की मुंबईचे साहेब तुमच्या घरी जेवण बघायला येणार आहेत. खोटं काही सांगितलं नाही. तो आपल्या बायकांना ओळखून होता.

पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडची बाई कालची भाकरी आणि चटणी पुढे ठेवेल होय? झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी हरभऱ्याची डाळ उसनी आणली, कुणी गहू, कुणी पळीभर तूप. विणकराच्या घरातली तेलुगू नरसम्मा, जिच्या अंगावर तान्ही मुलगी होती, सकाळीच आमच्या दारात आली. "बाई, गूळ हाय का? पुरन घालायचंय." आत्यानंही, घराची अब्रू राहू दे म्हणून, डब्यातला होता नव्हता तो गूळ काढून दिला.

समितीच्या साहेबांनी घरोघर पोळ्या तराजूत घालून तोलल्या. तेव्हा कुठे आत्याच्या डोक्यात उजेड पडला. ती धावत गेली, म्हणाली, "हे रोजचं नाही हो साहेब, हे सणाचं आहे." मॅनेजर हसला. "बाई, आज कुठला सण आहे?" साहेबांनी मग नरसम्मालाच विचारलं, रोज असंच जेवता का. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय." दारात आलेल्या पाहुण्याला न्हाय कसं म्हणायचं...

छापील अहवालात सोलापूरच्या कामगाराचा आहार पुरेसा ठरला. तो अहवाल पुढे इतर गावच्या गिरण्यांनीही ढालीसारखा मिरवला. आमच्याकडचं दूध बंद झालं आणि गिरणीच्या दुकानात कारखान्यातल्या बनावट तुपाचे डबे आले, ज्यांची एजन्सी मॅनेजरच्या मेहुण्याकडे होती. नरसम्माची तान्ही मुलगी पावसाळा सरायच्या आत गेली. त्या दिवशी आत्या चुलीपुढे बसून होती. "गूळ मीच दिला रे," एवढंच म्हणाली. त्यात तिची चूक नव्हती, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

अर्ज करकरून तिनं वरपर्यंत धडका मारल्या, म्हणून तिला दवाखान्यातून काढलं. तरी ती जेवणवेळेला चाळीत जायचीच. बायकांना तिनं एकच गोष्ट शिकवली: कुणीही येवो, शिजलंय तेच दाखवायचं.

शोकसभेला मॅनेजरनं गुलाबपाणी शिंपडलं होतं. व्यासपीठावर गावची बडी मंडळी होती. आत्या गिरणीची माउली होती, तिच्या सल्ल्यानंच आम्ही कामगारांच्या अन्नाची काळजी घेतली, असं तो म्हणाला. मी उठणार होतो. पण माझ्याआधी मागे बसलेल्या चाळीतल्या बायका उठल्या.

पुढे नरसम्मा. तिनं पदराखालची थाळी काढून टेबलावर ठेवली. भाकरी, आणि पाण्यासारखी आमटी.

"बाईंच्या नावानं दोन घास खावा की साहेब. आज शिजलं ते हेच हाय."

"मी जेवून आलोय."

"आमी त्या मुंबईच्या साहेबाला न्हाय म्हनलो न्हवतो."

सगळी सभा त्याच्याकडे बघत होती. त्यानं तुकडा मोडला, आमटीत बुडवला, पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. पुन्हा मोडला. मी प्रत्येक घास मोजला आणि मला बरं वाटलं, लपवत नाही. भाकरी संपली तसा तो रुमालानं तोंड पुसून उठू लागला. आत्या चाळीत गेली की एका घरावर कधी थांबायची नाही, ओळीतलं शेवटचं दार वाजवूनच परतायची. नरसम्मानं मागच्या बाईच्या हातातली थाळी घेतली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"बसा साहेब. अजून लई घरं ऱ्हायल्यात."