चारशे अडतीस आणि चारशे त्र्याऐंशी

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, कपाटात एकसारखी वाळू दोन बाटल्यांत का ठेवली आहेस? एकीत मावेल की!" मी तिच्या दाताचं काहीतरी विचारून विषय बदलला. थोरल्याला ते कळलं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. तुमच्या बाबाने तुम्हाला हे सांगितलेलं नाही आणि तो सांगणारही नाही. म्हणून मी लिहिते.

आधी जमिनीबद्दल. इथे रहाटणीत आमच्या सोसायटीने बोअर घेतली तेव्हा तुमचा बाबा सुट्टीवर आला होता. दिवसभर मशीनपाशी उभा राहिला आणि संध्याकाळी मूठभर काळी भुकटी घेऊन वर आला. "सगळा थंड झालेला लाव्हा आहे, आई," म्हणाला. "इथे कितीही खाली जा, तेल मिळणार नाही." तुम्ही राहता तिथली, बोर्निओच्या किनाऱ्याची जमीन अगदी वेगळी. तिथल्या नद्यांनी लाखो वर्षं समुद्रात गाळ ओतला. वाळूचा एक थर, त्यावर चिखलाचा, पुन्हा वाळूचा. गाळाबरोबर पावसाळी जंगलातली पानं, लाकडं, खारफुटीचा कचराही गेला. तो खोल गाडला गेला, तापला, आणि त्याचं तेल झालं, वायू झाला. वायू हलका असतो, तो वर सरकतो. वाळूच्या कणांमध्ये फटी असतात, त्यांत शिरतो, आणि वरचा चिखल घट्ट असला की तिथेच कोंडून राहतो.

तेल खोलवर असतं, पण तुमच्या बाबाला धास्ती वरच्या थरांची. विहिरीच्या तोंडावर मोठी झडप बसवण्याआधी पहिले काही शे मीटर तसेच खोदावे लागतात. तेवढ्यात कोंडलेला वायू लागला तर त्याला दाबून धरायला विहिरीत वरून सोडलेल्या जड चिखलाशिवाय काही नसतं. तयारी नसेल तर तो उसळून वर येतो, पेट घेऊ शकतो, समुद्राचा तळ पोखरू शकतो. त्या तळावर पाय रोवून प्लॅटफॉर्म उभा असतो आणि त्यावर शंभरेक माणसं. हे त्याने मला आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

माझ्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून तो दोन आठवडे आला होता. कामही घेऊन आला होता. परत जाऊन ज्या विहिरीवर त्याला हजर व्हायचं होतं, तिच्या वरच्या भागात कुठे कुठे वायू असू शकतो त्याची यादी तो करत होता. कच्चं काम तो अजून पेन्सिलनेच करतो, ते तुम्हाला माहीत आहे. एक पान, नऊ ओळी. प्रत्येक ओळीत खोली आणि पुढे इंग्रजीत दोन-तीन शब्दांचं वर्णन. खोदणारी माणसं अशी यादी समोर ठेवतात. यादीतली खोली जवळ आली की वेग कमी करतात, चिखल जड करून ठेवतात.

"दे इकडे, स्वच्छ टाइप करून देते," मी म्हटलं.

"आई, डोळा."

"डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. आणि तुझं ते दोन बोटांचं टाइपिंग मला ऐकवत नाही."

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. साहेब लोक घाईत आकडे उलटे लिहीत. बावन्नचे पंचवीस, एकोणऐंशीचे सत्त्याण्णव. एकच ओळ दोनदा लिहीत. मी ते पकडायचे आणि न बोलता दुरुस्त करायचे. विचारायला गेलं की साहेबांना चारचौघांत खजील व्हावं लागे. गुपचूप सुधारण्यातच माझी हुशारी मानली जायची, आणि निवृत्तीच्या समारंभात त्याचंच कौतुक झालं.

तुमच्या बाबाच्या पानावर चौथी ओळ होती चारशे अडतीस मीटर. पाचवी चारशे त्र्याऐंशी. पुढचं वर्णन शब्दाला शब्द तेच: बारीक वाळू, वायूची शक्यता. हे आकडे अंकांत लिहून बघा. फक्त शेवटचे दोन अंक जागा बदलतात. मला वाटलं, झाली याची साहेबांसारखी गडबड. तो आतल्या खोलीत विमानतळाच्या गाडीसाठी फोनवर बोलत होता. मी त्याला विचारलं नाही. पाचवी ओळ गाळली आणि पुढच्यांचे क्रमांक सरकवून घेतले. नऊच्या आठ ओळी झाल्या. पान फार सुबक दिसत होतं.

डोळ्याला दोष देऊ नका. दोन्ही ओळी मला स्वच्छ दिसल्या होत्या.

त्याने उभ्याउभ्याच पान वरून खाली पाहिलं. "तुझ्यासारखं टाइपिंग आमच्या अख्ख्या ऑफिसात कुणाचं नाही," म्हणाला, तिथूनच पाठवून दिलं आणि बॅग उचलली. कच्चा कागद फाडून टाक, असं मात्र बजावून गेला. मी फाडला. चार सारखे तुकडे केले आणि पाठकोऱ्या बाजूने वाणसामानाच्या यादीसाठी ठेवले.

तीन आठवड्यांनी एका दुपारी मी खालच्या किराणा दुकानात गेले. दुकानाची मालकीण रहाटणीच्या जुन्या घराण्यातली आहे. तिचं सासर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. आता शेतावर इमारती आहेत, त्यांतल्याच एकीत तिचं दुकान. माझी यादी हातात घेऊन ती नेहमी टोमणा मारते.

"काकू, तुमची यादी म्हंजी कोर्टाचा कागुद बगा. नंबर काय, रेघा काय!" मग तिने कागद उलटा केला. "आन्‌ ह्ये मागं काय? चारशे अडतीस, चारशे त्र्याऐंशी. काकू, मटका खेळाया लागला व्हय ह्या वयात?"

मी हसले. हसतच कागद घेतला. त्या दोन आकड्यांच्या मध्ये, समासात, तुमच्या बाबाने एक कंस काढला होता आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं: मध्ये पंचेचाळीस मीटर चिखल.

समासातलं मी कधीच वाचत नसे. समासातलं पक्क्या प्रतीत जात नाही.

पंचेचाळीस मीटर. चारशे अडतीसला वाळू, मग पंचेचाळीस मीटर चिखल, मग पुन्हा वाळू. दोन थर होते. एक मी पुसून टाकला होता.

 मालकिणीने मला तांदळाच्या पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. मी तुमच्या बाबाला मेसेज केला, एकच टिक आली. आदल्या दिवशी त्याने कळवलं होतं की विहीर सुरू झाली आहे, आता फोन जवळ नसेल. फोन केला, लागला नाही. मग तुमच्या आईला केला.

"आई, डोळा दुखतोय का?" तिने पहिलं हेच विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं.  मग म्हणाली, "किनाऱ्यावरच्या ऑफिसात चोवीस तास कुणीतरी असतं. मी जोडून देते. पण बोलायचं तुम्हीच, आई. मला त्यातलं सांगता येणार नाही."

पलीकडे एक गृहस्थ होते, बोलणं सभ्य. मी इंग्रजीत सांगितलं की मी अमक्याची आई, यादीतून एक ओळ माझ्या हातून गळली आहे.

"आपण भूवैज्ञानिक आहात का, मॅडम?"

"नाही. मी टायपिस्ट आहे."

"मॅडम, ती यादी तुमच्या मुलाने तपासली असेलच."

"नाही तपासली. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला."

 मग कागदांची सळसळ ऐकू आली आणि त्यांचा आवाज बदलला. आकडा पुन्हा सांगा, म्हणाले. पूर्वी ट्रंक कॉलवर सांगायचे तसा मी एकेक अंक सुटा करून सांगितला. चार. आठ. तीन. त्यांनी तो मला परत म्हणून दाखवला आणि निरोप न घेता फोन ठेवला. तुमची आई अजून लाइनवर होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. "मुलांना शाळेतून आणायची वेळ झाली," एवढं म्हणून तिनेही ठेवला.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या घरात जायची मला भीती वाटत होती, म्हणून मी पोत्यावरच बसून राहिले. गिऱ्हाइकं येत होती. कुणी साबण घेतला, कुणी दूध. मी मनात तुमचा बाबा कुठे उभा असेल ते पाहत होते. खालून चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो, चाळणीवर पडतो, तो धुऊन हा भिंगाखाली बघतो. तळाचा चुरा वर यायला काही मिनिटं लागतात. म्हणजे तो बघत असेल ते मागे पडलेलं असणार. त्याच्या पायाखाली त्या घटकेला काय आहे, ते त्याला दिसत नाही. ते मला माहीत होतं, आणि मी रहाटणीत तांदळावर बसले होते.

"लेक दर्यात हाय व्हय तुमचा?" मालकिणीने विचारलं. मी मान हलवली.

"माझा निघोज्याला कारखान्यात प्रेस मशीनवर हाय. फोन आत न्यायला बंदी. शेजारच्या पोराची दोन बोटं गेली तवा आमाला शिफ्ट सुटल्यावर कळालं, की कुनाचा पोरगा त्यो. तवर समद्या आया गेटावर. काय करनार? बसायचं." तिने माझ्या मांडीवर साखरेची पिशवी ठेवली. "धरा जरा. हाताला काय तरी पायजे."

दोन तासांनी फोन वाजला. जहाजावरच्या फोनसारखा खरखरता आवाज, मागे यंत्रांची घरघर.

"आई, मी आहे." मग म्हणाला, "घरी जा. जेवून घे."

बाकीचं मला पुढे कळलं. निरोप पोचला तेव्हा खोदण्याचं टोक चारशे एकाहत्तर मीटरवर होतं आणि नवा पाइप जोडायला मशीन थांबलं होतं. बारा मीटर उरले होते. आमच्या इमारतीचे चार मजले. त्यांनी चिखल जड केला आणि मग इंचाइंचाने खाली गेले. चारशे त्र्याऐंशीला वायू होता. वरच्या थरात होता त्याच्या कितीतरी पट जास्त. चिखल बुडबुडत वर आला, भोंगे वाजले, पण जड चिखलाने त्याला दाबून धरलं. शंभरेक माणसं त्या दिवशी जेवली आणि झोपली.

चार महिन्यांनी तो आला तेव्हा बॅगेतून या दोन बाटल्या काढल्या. "ही अडतीसची, ही त्र्याऐंशीची." मी चष्मा लावून पाहिल्या, उजेडात धरल्या. मला फरक दिसला नाही. "मलाही दिसत नाही," तो म्हणाला. ऑफिसात त्याने चूक स्वतःच्या नावावर घेतली होती. न तपासता पाठवलं, एवढंच लिहून दिलं. मी म्हटलं, माझं नाव का नाही घातलंस? तो म्हणाला, "तपासणं माझं काम होतं, आई." रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या सुट्टीत तो टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला तेव्हा मी विचारलं, काही टाइप करायचं आहे का? "नको, आता सगळं तिकडेच होतं," म्हणाला आणि स्क्रीन थोडी स्वतःकडे वळवली. ते त्याने मुद्दाम केलं नसेल.

तुम्ही डिसेंबरात याल. बाटल्या हातात घ्या, हवं तर उघडूनही बघा. पण एकीतली दुसरीत ओतू नका.

 मागच्या आठवड्यात मालकिणीने माझी यादी वाचली आणि हसायला लागली. "काकू, मीठ दोनदा लिवलंय. खोडू का एक?"

पेन तिच्या हातात होतं. मी कागदावर हात ठेवला.

"खोडू नको," मी म्हटलं. "दोन्ही दे."