काहून लावलं हे सेटिंग?

जगात कशावर किती दाब असावा हे ठरवण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यायचा झाला, तर मी तो डोळे मिटून आमच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या मॅडमना देऊन टाकीन. मी रसायन शिकवतो, त्या भौतिक. गाव आर्णीजवळचा बंजारा तांडा. फोनवर याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोली. वर्गात छापील मराठी. आणि डोकं तापलं की अस्सल वऱ्हाडी. मॅडम कोणत्या भाषेत सुरू झाल्या हे ऐकून पोरं थांबायचं की सटकायचं ते ठरवत. संगणकात एक इवलंसं खोकं मांडायचं, त्यात रेणू सोडायचे आणि ते कसे हलतात ते पाहत बसायचं, हे त्यांचं संशोधन. खोक्यातला दाब जागेवर राहावा म्हणून प्रोग्राम ते खोकं सारखं आकसवतो, फुगवतो. ते कोणत्या पद्धतीनं, किती चटकन आणि कोणत्या दिशेनं, हे आधी सांगावं लागतं. बाकीचं जग ही सेटिंग दुसऱ्याच्या फाईलमधून उचलतं आणि चहाला जातं. मॅडमना ती उचललेली दिसली की चहा राहिला बाजूला.

ही खोड फक्त संगणकापुरती असती तरी आम्ही सुखानं जगलो असतो. स्कूटीत हवा भरली की त्या दुसऱ्या पंपावर जाऊन तपासत, आणि आकडा जुळला नाही तर परत पहिल्याशी वाद घालायला येत. शिट्ट्या मोजून डाळ शिजवणं ही त्यांच्या मते अंधश्रद्धा. डॉक्टरांनी मला रक्तदाब थोडा जास्त आहे म्हटल्याचं मी एकदा चुकून बोललो. दुसऱ्या दिवशी मॅडम यंत्र घेऊन स्टाफरूममध्ये हजर. "एकदा मोजून काय कळते, सर? सरासरी काढा लागते." मग प्रत्येक तासानंतर माझा दंड आवळला जाऊ लागला. संध्याकाळपर्यंत रक्तदाब खरोखरच वाढला, आणि त्या समाधानानं म्हणाल्या, "पाहा, डॉक्टर बरोबर होता."

पण याच बाई हळव्याही तितक्याच. एमएस्सीची एक मुलगी रडत आली. प्रोग्रामला दाब एक ठेवायला सांगितला होता, आणि संगणकावर कधी उणे तीनशे तर कधी अधिक चारशे दिसत होता. मॅडमनी तिला बसवलं, चहा पाजला. "अवं, एवढुसं खोकं हाये ते. त्यात दाब उड्या मारणारच. तू कायले घाबरून राह्यली? लांबून सरासरी पाह्य." मुलगी हसली. मग मॅडमचा सूर बदलला. "आता सांग, हे सेटिंग काहून लावलं?" "सिनियरच्या फाईलमध्ये होतं, मॅडम." पुढचा तासभर मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं.

आणि नेमकी तीच गोष्ट एकदा त्यांच्यावर उलटली. त्यांच्या पीएचडीचा विषय होता फवारणीचं औषध कातडीतून आत कसं जातं हा. कातडीतल्या चरबीचा पातळ पडदा खोक्यात मांडून त्यातून औषधाचा रेणू जाताना त्या पाहत. निकाल खळबळजनक निघाला: रेणू सर्रकन आत जातो. शहरातले त्यांचे गाईड खूश, शोधनिबंध लिहून तयार. आणि एका दुपारी मॅडम पांढऱ्या चेहऱ्यानं माझ्या दारात. "सर, पडदा ताणलेला आहे."

त्यांनीच समजावलं. नुसतं पाणी असेल तर खोकं सगळ्या बाजूंनी सारखंच आकसलं-फुगलं तरी चालतं. पडदा असेल तर आडवं वेगळं आणि उभं वेगळं सोडावं लागतं, नाहीतर पडदा आपल्या मापावर येत नाही. त्यांनी घाईत पाण्याचंच सेटिंग ठेवलं होतं. पडदा ताणून पातळ राहिला, आणि रेणूला वाट सोपी झाली.

गाईडना फोन माझ्यासमोरच लावला. तिकडून आवाज आला, "अहो, हे कोणाला कळणार आहे?"

"मले कळलं नं, सर," मॅडम म्हणाल्या. फोन ठेवला आणि सगळा निकाल रद्द केला.

यवतमाळचा मे महिना काय असतो ते इथल्यांनाच ठाऊक. सुट्टीत रिकाम्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मॅडम ओला पंचा डोक्यावर घेऊन सगळं पहिल्यापासून करत बसत. आधी खोकं सावकाश जागेवर आणणारी पद्धत, ते स्थिरावलं की मग दाबाचे नैसर्गिक चढउतार खरे दाखवणारी. उलट केलं की खोकं हिंदकळायचं. वीज जायची, सुरू असलेलं काम अर्ध्यात तुटायचं, त्या पुन्हा जोडायच्या. पदवी लांबली, बढती दुसऱ्याला गेली. आणि शेवटी उत्तर काय? औषध आत जातं, पण सावकाश. मोठ्या संशोधन-मासिकाला त्यात रस उरला नाही. एका लहान मासिकानं छापलं. मॅडमनी पेढे मात्र मोठ्या मासिकात छापून आल्यासारखे वाटले.

पावसाळ्यात त्या मला तांड्यावर घेऊन गेल्या. वडील फवारणीच्या तयारीत होते. माझ्यासाठी त्यांनी गोरबोली सोडून वऱ्हाडीत विचारलं, "मंग, जाते का औषध कातडीतून?"

"जाते, बा. पण मी आधी सांगतलं होतं तेवढं लवकर नाही."

"म्हणजे पहिले तू खोटं बोल्ली?"

"खोटं नाही. चुकलं होतं."

"मंग आता हातमोजे घालू का नको?"

"घाल."

"पहिलेही घालच म्हणत होती. मंग उन्हाळाभर तू काय करून राह्यली होती?"

याडी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसलो. मॅडम खाली बसल्या आणि वडिलांचा हात हातात घेतला. बोटं राबून जाड झालेली, धड वळत नव्हती. एकेक बोट सरळ करत त्यांनी मोजे चढवले, मनगटाशी नीट ओढून घेतले, आणि ते झाल्यावरही कितीतरी वेळ तो हात सोडला नाही.